नापास उमेदवाराचे दोन पास विषय

देशाच्या संरक्षणाशी निगडित अशी एक अत्यंत गंभीर बाब मी आज जाहीर करीत आहे. नाजूक प्रकृतीच्या वाचकांनी पुढचं वाक्य बसून वाचावं. पेडणे तालुक्यातल्या एका इसमाला दहावीच्या मराठीत एकसष्ट गुण मिळाले होते, आणि त्यापायी पोलीस खात्याची जीप धुरळा उडवत फिरली.

हसू नका. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले पुष्कळ आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. हे एकसष्ट गुण मात्र जागचे हललेले नाहीत.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून काही वर्षं झाली होती आणि मी पेडण्याच्या पोलीस ठाण्यात होतो. सैन्यात निवडल्या गेलेल्या उमेदवारांची चारित्र्य पडताळणी आमच्याकडे येई. काम सरळ: रेकॉर्ड तपासायचं, दोन शेजाऱ्यांचे जबाब घ्यायचे, अहवाल जावक नोंदवहीत चढवून पाठवायचा. एका बुधवारी असाच एक कागद टेबलावर होता, आणि त्याच दिवशीच्या टपालात एक निनावी पत्र आलं. अक्षर फळ्यावर लिहावं तसं गोल आणि ठसठशीत.

‘सदर उमेदवार दहावी नापास आहे. त्याची गुणपत्रिका बनावट असून तीत दोन विषयांपुढे संशयास्पद खूण आहे. मराठीतील एकसष्ट गुण ही तर शुद्ध थाप होय. देशाची फसवणूक थांबवावी. – एक जागरूक नागरिक.’

उमेदवार हळर्णचा. धारगळला हमरस्त्यावर चुलतभावाच्या दुकानात ट्रकांची पंक्चरं काढायचा. धावणं, छाती, उंची, लेखी परीक्षा, सगळ्यांतून पार पडला होता. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि आमचा अहवाल शुक्रवार संध्याकाळपर्यंत भरती कार्यालयात पोचायला हवा होता. पुढच्या भरतीपर्यंत त्याचं वय उलटून जाणार होतं. म्हणजे ही एकच संधी. गेली की जन्मभर जॅक आणि पाना.

आमचे हवालदार त्याच बाजूचे. पत्र ऐकताच म्हणाले, “सायबानू, ह्यो नापास झाल्लो ता सगळ्या गावाक ठावक आसा.”

गुरुवारी तो आला. नखांत ग्रीस, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली गुणपत्रिका. मी ती उजेडात धरली. पाच विषय, तीन एका परीक्षेचे, आणि मराठी व समाजशास्त्र यांच्यापुढे खरोखरच निराळी खूण. खोटं सांगत नाही, अहवालाच्या कच्च्या मसुद्यात मी ‘बनावट’ हा शब्द लिहूनही टाकला.

“दहावीला नापास झाला होतास की नाही?”

“झाल्लंय, सायबानू.”

“मग ही पास झालेली गुणपत्रिका कुठून आली?”

“दिल्लीसून. मुक्त शाळा आसा. घरी बसान अभ्यास करूचो, परीक्षेक म्हापशाक जावचा.”

“घरी बसून?”

“घरी खंयचा! ट्रकाखाली पडान.”

हवालदार फिस्सकन हसले. मी डोळे वटारले आणि विज्ञानाचा बाण सोडला. “उष्णतेने हवेचं काय होतं?”

“फुगता. म्हणान ड्रायव्हरांक सांगूचा लागता, दुपारचो टायर तापान टणक लागलो तरी हवा सोडू नको. थंड झालो की बसतलो. तरी सोडतत मेले!”

इतक्या वर्षांत हजारो जबाब घेतले, त्यावरून सांगतो. पढवलेला माणूस पुस्तकातलं वाक्य म्हणतो आणि थांबतो. ज्याला खरंच कळलेलं असतं तो उत्तर आपल्या धंद्यातून काढतो आणि वर दुसऱ्यांना शिव्याही घालतो. माझ्या मसुद्यातला ‘बनावट’ तिथेच डळमळू लागला.

“आणि हे दोन विषय?”

“ते परत दिले नाय. ते आधीच सुटल्ले.”

हे मला उमगलं नाही. मी प्रश्न बदलला. “गुणपत्रिका कोणाकोणाला दाखवलीस?”

“एकट्या हेडमास्तरांक. सत्यप्रतीर सही होयी होती. त्येंनी केली नाय. म्हणाले, माझ्या शाळेत नापास झाल्लो खंयच पास होवचो नाय.”

गोल, ठसठशीत अक्षर! मी हवालदारांकडे पाहिलं, हवालदारांनी छताकडे पाहिलं.

शुक्रवारी सकाळी आम्ही म्हापशाला निघालो. शुक्रवार म्हणजे तिथला बाजार. मिरच्यांचे ढीग, सुक्या मासळीच्या पाट्या, आणि मध्ये अडकलेली आमची जीप. हॉर्नला कोणी भीक घातली नाही. शेवटी जीप सोडून मी टोपी सांभाळत, बाजारकरणींचे टोमणे झेलत त्या परीक्षा केंद्रावर चालत पोचलो. तिथल्या कारकून बाईंनी फाइल काढली: अर्ज, फोटो, हजेरीवरच्या सह्या, सगळं जागच्या जागी.

“ती खूण?” त्या म्हणाल्या. “साहेब, मागच्या बोर्डात सुटलेल्या दोन विषयांचे गुण आमच्याकडे धरतात. ते पुन्हा द्यावे लागत नाहीत. मुलगा तीन विषयांत बसला, तीन सुटले. दोन आणि तीन किती होतात?”

“पाच,” मी नम्रपणे म्हणालो.

उरलं एकच. ते दोन विषय मुळात सुटले होते का, हे जुन्या शाळेतच कळणार. दुपारी शिक्षकांच्या खोलीत शिरलो. हेडमास्तर, गणिताचे मास्तर आणि आणखी दोघं चहा घेत होते.

“पकडलात ना?” हेडमास्तर खुर्चीतून अर्धे उठले. “एकसष्ट म्हणे! मराठीत!”

“सर, आकडा बरा ठाऊक तुम्हाला.”

ते परत खुर्चीत बसले. मी तो धागा तिथेच सोडला. माणूस लबाड नव्हता. त्यांना मनापासून वाटत होतं की आपण देश वाचवतोय. मी फक्त त्या वर्षाची निकालाची नोंदवही मागितली. शिपायाने ती झटकून टेबलावर ठेवली. हेडमास्तरांनी स्वतःच विजयी मुद्रेने बोट फिरवत ओळ गाठली.

इंग्रजी, गणित, विज्ञान: तिन्ही लाल शाईत. समाजशास्त्र चोपन्न. मराठी एकसष्ट. कडेला मोठ्या अक्षरांत ‘नापास’, आणि खाली हेडमास्तरांची लफ्फेदार सही. त्या वर्गाला मराठी आणि समाजशास्त्र कोण शिकवत असे, हे मी विचारलं नाही. खोलीतले सगळेच त्यांच्याकडे बघत होते.

सत्यप्रतीवर त्यांनी तिथेच सही ठोकली. चार वाजता अहवाल जावक झाला: ‘गुणपत्रिका खरी. उमेदवाराविरुद्ध काही नाही.’ खास शिपाई मोटरसायकलवरून तो घेऊन गेला आणि कार्यालय बंद होण्यापूर्वी पोच घेऊन आला. सोमवारी उमेदवार हजर झाला. पहिल्या रजेत गणवेशात स्टेशनवर आला, तेव्हा ‘गावाक ठावक आसा’ म्हणणाऱ्या हवालदारांनीच सगळ्यांत आधी कडक सलाम ठोकला.

या प्रकरणाने मला एक खोड लावली. ‘नापास’ हा शब्द एवढा मोठा लिहिला जातो की कडेचे आकडे कोणी वाचत नाही. गावाने वाचले नाहीत, शाळेने वाचले नाहीत, मीही वाचणार नव्हतो. त्यानंतर कोणी माणसाबद्दल ‘तो वायाच गेलाय’ असं सांगायला आला की मी विचारी, “सगळ्या विषयांत?” पुष्कळ तपास त्या प्रश्नाने सुटले.

पण खरा निकाल लागला तो त्या शिक्षकांच्या खोलीतच. नोंदवही उघडी होती. हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एकसष्टवर बोट ठेवलं, मग चोपन्नवर, मग सावकाश तिन्ही लाल आकड्यांवर. चेहऱ्यावरची लाज हळूहळू ओसरली आणि तिच्या जागी एक अफाट अभिमान चढत गेला. ते छाती काढून गणिताच्या मास्तरांकडे वळले आणि अख्ख्या शाळेला ऐकू जाईल असे गरजले, “मगे तुम्ही सगळे काय निजान शिकवीत होतात?”