टेकडीखाली टाकलेली म्हैस

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आज टेकडीवर घारी घिरट्या घालताना दिसल्या आणि राहवलं नाही. माझी म्हैस मेली तेव्हा ती ओढून न्यायला मी बौद्धवाडीतल्या शेजाऱ्याला बोलावलं. “भाऊ, आमच्या आज्यानंच ते काम सोडलं. तुमची म्हैस तुमीच वढा,” तो हसत म्हणाला. रागाने मी ती ट्रॅक्टरने ओढत नेली आणि जिथून पॅराग्लायडर उडतात त्या टेकडीखाली टाकली. तिसऱ्या दिवशी सडक्या मांसावर घारी जमल्या. त्यातली एक पॅराग्लायडरच्या दोऱ्यांत अडकली आणि उडणारा तरुण खडकावर आपटून मेला. लोक जाब विचारायला आले. “म्हैस माझी, पर टाकली ह्यानं,” मी गर्दीत उभ्या शेजाऱ्याकडे बोट केलं आणि वर म्हणालो, “मेलेलं वढायचं काम कुणाचं, ठावं न्हाई व्हय?” त्यांनी त्याला माझ्यासमोर तुडवलं, त्याचा हात कायमचा वाकडा झाला. परवा कामशेतच्या बाजारात तो समोर आला. ‘माझं चुकलं’ एवढंच म्हणायचं होतं. मी विचारलं, “भात कसाय यंदा?”