सगुणाबाईंचे कोरडे हात

वर्सोव्याच्या मासळी बाजारात सगुणाबाई गेली कित्येक वर्षं एकाच ओट्यावर बसतात. हा ओटा त्यांना सासूकडून मिळाला. या बाजारात कोयता जिच्या हाती, गिऱ्हाईक तिचं. आम्ही अंधेरीची माणसं पार तिथवर जातो, ते त्यांनी कापलेल्या सुरमईसाठी.

गेल्या पावसाळ्यात नेमके तेच हात बिघडले. बर्फाच्या पाण्यात दिवसभर भिजून बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडल्या, चिरल्या. नखांच्या कडा सुजल्या. सगुणाबाईंनी लिंबू-मीठ चोळलं. आग झाली म्हणजे औषध लागू पडतंय, ही त्यांची समजूत. मग शेजारणीने दिलेली ट्यूब लावली. खाज थांबली की ट्यूब बंद, आणि थोड्याच दिवसांत खाज हजर.

एका रविवारी नेहमीची एक बाई पापलेट निवडता निवडता थांबली. "मावशी, हाताला काय झालंय? आज राहू दे." आणि ती सरळ पलीकडच्या ओट्यावर गेली.

त्याच दुपारी सून कल्पिता सासूला डॉक्टर दीप्तींकडे घेऊन गेली.

"यीस्ट म्हणतात ती बुरशी आहे. ओलाव्यात वाढते," डॉक्टर म्हणाल्या. "त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे. खाज दबते, बुरशी वाढते. ती बंद आणि लिंबूही बंद. हे मलम लावा, बरं वाटलं तरी मी सांगेपर्यंत सोडू नका. शुगर तपासा. हात कोरडे ठेवा."

"कोलनीचे हात कोरडे? मंग मासली तू कापशील काय, बाय?"

"आत सुती, वर रबरी मोजे घाला."

"मोजे घातले का लोक बोलतान, मासली शिली हाय."

"आय, कोयता मी धरते," कल्पिता म्हणाली.

कोयता देणं म्हणजे गिऱ्हाईक देणं.

तरी दुसऱ्या दिवशी सगुणाबाई कोयता सुनेला देऊन ओट्यावर मागे सरकून बसल्या. हातांना सुट्टी होती, तोंडाला नव्हती. "गो, तिरका काप! सुरमय हाय, दुधी नाय!" गिऱ्हाईक हसलं आणि थांबलं.

शुगर ठीक निघाली. घरी त्या बोटं नीट पुसून बेचक्यांत मलम लावू लागल्या. खाज गेली तशी त्यांनी मलम फळीवर ठेवून दिलं. कल्पिताने ते पुन्हा हातात दिलं.

"तू डाक्टरीन कवापासून झालीस?"

"तुमी पेशंट झाल्यापासून."

डॉक्टरांनी "आता पुरे" म्हटलं, तोवर कातडी भरून आली होती. बाजारात कल्पिताने कोयता सासूपुढे केला. सगुणाबाईंनी एक सुरमई कापली, तुकडे निरखले, आणि कोलंबी-बोंबलाची पाटी सुनेकडे ढकलली.

"मोठी मासली माजी. पान्याचं काम तुजं."

"म्हंजे आता बुरशी मला?"

"मोजे घाल. मी बाजूला बसलेय, तुज्या मासलीला शिली कोन बोलतंय बगू!"