दंतकथा झालेला माणूस

वर्तमानपत्रात ‘दंतकथा’ हा शब्द मोठेपणा सांगण्यासाठी वापरतात. ज्याच्या पराक्रमाचे किस्से त्याला कधी न पाहिलेलेही सांगतात, त्याला हा शब्द लावायचा. मोताळ्याचा वार्ताहर असताना मी तो एकदा वापरला, शंकरपटाच्या शर्यतीत एकेकाळी बैलजोडी पळवणाऱ्या एका म्हाताऱ्यासाठी. छापण्याआधी मजकूर वाचून दाखवायला मी त्याच्या घरी गेलो. बायको वारल्यापासून तो एकटाच राहत होता.

“दंतकथा म्हनजे काय बे?” त्याने विचारलं. मी अर्थ सांगितला.

“हाव, म्हनूनच कोनी येत नाही. परवा टपरीवर एक जन मलेच मही गोष्ट सांगून राह्यला होता. म्हने, तसा गडी पुन्हा झाला नाही, बिचारा गेला.”

“मग तुम्ही बोलला नाहीत?”

“गोष्ट रंगात आली होती. काऊन मोडू?” तो हसला. मग म्हणाला, “तो शब्द काढ. लिही, बाजाराच्या मांगं राह्यतो, घरीच असतो.”

मी तसंच लिहून पाठवलं. कार्यालयात जागेअभावी शेवटची, पत्त्याची ओळ कापली गेली आणि मथळ्यात पुन्हा ‘दंतकथा’ आली.

बातमी छापून आली त्या दिवशी मोताळ्याचा आठवडी बाजार होता. अंक घेऊन मी संध्याकाळी गेलो. त्याने शेजारून खुर्च्या मागून आणून दारात मांडल्या होत्या. सगळ्या रिकाम्या होत्या. त्यातल्या एकीवर मी बसलो.