मांडीखाली दाबलेले हात

गोंडलच्या त्या गल्लीत मुक्ताफईला ‘कसाई’ म्हणायला सुरुवात केली ती समोरच्या जशूबेनने, आणि निमित्त झालं दुधाचं.

मुक्ताफई ओट्यावरच्या हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर बसली होती. आत गॅसवर दूध वर यायला लागलेलं, आणि तिला फई, म्हणजे आत्या म्हणणारी तिच्या भावाची मुलगी बंसरी पातेल्यासमोर टक लावून उभी. तेव्हा ती असेल सोळाएक वर्षांची. जशूबेन आपल्या ओट्यावर शेंगा सोलत होती, तिथूनच ओरडली, “अगं मुक्ताबेन, ऊठ की! दूध चाललं!”

मुक्ताफई उठली नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून ती बसून राहिली. दूध उतू गेलं, शेगडीभर पसरलं, करपल्याचा वास गल्लीत आला. बंसरीने कान दाबून धरले, किंचाळली, दोनदा स्वतःभोवती फिरली आणि मग पुढे होऊन गॅस बंद केला.

“बघितलंत? बंद केला तिने,” मुक्ताफई म्हणाली.

“पातेलंभर दूध घालवलंस आणि वर कौतुक! आई नसलेली पोर, तिला अशी एकटी सोडतात? कसाई आहेस, कसाई!”

“दूध उद्या परत येईल जशूबेन. मी गेले की परत यायची नाही.”

जशूबेनने शेंगांची टरफलं जरा जोरात झटकली. पण नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

बंसरीची आई ती लहान असतानाच गेली. वडील किरीटभाई तेलाच्या गिरणीत हिशेबाला. माणूस सरळ, पण मुलीसमोर उभं राहायची वेळ आली की त्याला गिरणीतलं काहीतरी काम आठवायचं. राजकोटच्या डॉक्टरांनी ‘ऑटिझम’ म्हणून सांगितलं, तेव्हा तो गिरणीत परतायची वेळ बघत होता. प्रश्न विचारले ते मुक्ताफईने. तिथल्याच एका शिक्षिकेने तिला शिकवण्याची रीत सांगितली. आधी मुलीचा हात हातात घेऊन करायचं, मग नुसतं बोट लावायचं, मग लांब उभं राहून बघायचं आणि शेवटी बघायचंसुद्धा नाही. मुक्ताफईला पहिल्या तीन गोष्टी सहज जमल्या. चौथीला हात ऐकेनात. आपोआप पुढे जायचे, मुलीची वेणी सारखी करायचे, तिची चप्पल सरळ करून ठेवायचे. शेवटी वैतागून तिने ते मांडीखाली कोंबले. त्या दाबलेल्या हातांनी मग बंसरी अंघोळ शिकली, वरण-भात शिकली, एकटीने छकड्यात, म्हणजे तिथल्या तीनचाकी रिक्षात बसून बाजारात जायला शिकली. महिन्याचे ते चार दिवस स्वतःचे स्वतः निभवायलाही शिकली, आणि त्या वेळी जशूबेनसुद्धा काही बोलली नाही.

पण एक गोष्ट मुक्ताफईने या सगळ्याच्या आधी शिकवली होती. कुणाच्या तरी बारशाला बंसरीच्या मामाने लाडाने तिच्या तोंडात लाडू कोंबला, ती ‘नको, नको’ करत असताना. ती त्याच्या बोटाला कडकडून चावली. सगळे तिच्यावर तुटून पडले. मुक्ताफई तिला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, “चावायचं नाही. तू नको म्हणालीस की समोरच्याने थांबायचं. समोरचा नको म्हणाला की तू थांबायचं. दोघांनाही तेच.”

बंसरीने ते असं धरलं, की जणू भिंतीत खिळाच ठोकला.

आता हे काठियावाडात शिकवायचं म्हणजे मोठीच पंचाईत! तिथे पाहुणा पहिल्यांदा ‘नाही’ म्हणतो ते शिष्टाचार म्हणून. दुसऱ्यांदा म्हणतो ते यजमानाचं मन बघायला. तिसऱ्यांदा म्हणताना ताटावर धरलेल्या पंजाचं एक बोट जरासं उचलतो, आणि त्या फटीतून मिठाई ताटात पडते. वाढणारा ‘माझी शपथ’ म्हणतो, खाणारा ‘अरे बाप रे’ म्हणतो आणि दोघंही खूश होतात. ज्याला आग्रह झाला नाही तो पोट भरून उठला तरी उपाशीच घरी जातो.

बंसरीला बाविसावं लागलं तेव्हा ज्ञातीच्या वाडीतल्या, म्हणजे समाजाच्या कार्यालयातल्या भोजनालयात तिला वाढपी म्हणून काम मिळालं. तिथे रोज एकटे राहणारे म्हातारे आणि बाहेरगावची कॉलेजची मुलं जेवायला येत. वाडीचे प्रमुख व्रजलालभाई म्हणाले होते, “थोडे दिवस बघू. जमलं तर कायमची.” आणि किरीटभाई बहिणीला म्हणाला होता, “नाही जमलं तर अहमदाबादकडे एक संस्था आहे, तिथे ठेवतो. माझ्याच्याने रोजची काळजी होत नाही आता.” म्हणजे सगळं त्या वाडीवर येऊन ठेपलं होतं.

आणि जमत होतं. म्हाताऱ्यांना ही मुलगी आवडली. ती गप्पा मारत नसे, पण कुणाला कढी पातळ लागते, कुणाला बाजरीचा रोटला मऊ लागतो, हे एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नसे. साखरेचा आजार असलेले दोघं तर मुद्दाम तिच्याच ओळीत बसायचे.

मग दिवाळीनंतरचं ज्ञातीचं मोठं जेवण आलं. व्रजलालभाईंचे जामनगरचे व्याही पहिल्यांदाच आले होते. त्यांना मुख्य ओळीत बसवलं होतं आणि त्या ओळीला मोहनथाळाच्या वड्यांचं तबक होतं बंसरीच्या हातात.

व्याह्यांनी दोन्ही पंजे ताटावर धरले. “नाही हं, अजिबात नाही!”

बंसरी पुढे गेली.

त्यांच्या बायकोने हसून मान हलवली. बंसरी पुढे गेली. जावयाच्या काकांनी नुसतं ‘बस’ म्हटलं. बंसरी पुढे गेली. ओळीच्या टोकाला पोचली तेव्हा तबक भरलेलं आणि सगळी ताटं कोरडी. व्याही बराच वेळ पंजे तसेच धरून बसले होते म्हणतात, वाढपी परत येईल म्हणून. मग त्यांनी हात धुतले.

संध्याकाळपर्यंत सगळ्या ज्ञातीत झालं, की व्रजलालभाईंनी व्याह्यांना गोड न खाताच पाठवलं.

“शिकव तिला,” किरीटभाई घरी येऊन म्हणाला. “एवढं दूध-चहा-बाजार शिकवलंस, तर एवढं शिकव. नाही म्हटलं तरी वाढायचं. त्यात कठीण काय आहे?”

मुक्ताफईने प्रयत्न केला, नाही असं नाही. शेवटी मुलीच्या कामाचा प्रश्न होता. तिने ताट मांडलं, बंसरीच्या हातात रोटला दिला आणि स्वतः पाटावर बसली.

“मी नको म्हणेन. तू तरी वाढ.”

“बरं.”

“नको गं, पुरे झालं.”

बंसरीचा हात ताटाच्या वर येऊन थांबला. तो पुढे जाईना.

“वाढ की. सगळे असंच म्हणतात, पण त्यांना हवं असतं.”

“मग मी नको म्हणेन तेव्हा?” बंसरीने विचारलं. तिने मान वर केली नव्हती. ती रोटल्याकडेच बघत होती.

मुक्ताफईने तिच्या हातातून रोटला घेतला आणि टोपलीत ठेवला. ताट उचललं. धडा तिथेच संपला.

एकोणिसाव्या वर्षी मुक्ताफईचं लग्न धोराजीला ठरलं तेव्हा तीही नको म्हणाली होती. एकदा नाही, साऱ्या घरादारासमोर पुन्हा पुन्हा. काक्या, माम्या हसल्या होत्या: मुली नाहीच म्हणतात! आणि कुणीतरी लग्न ठरल्याचा गोळधाणा, म्हणजे गूळ-धणे आणून तिच्या तोंडात घातला होता. धोराजीहून ती एक पिशवी घेऊन परत आली, ती कायमची. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

“मी तिला हे शिकवणार नाही, किरीट,” ती म्हणाली.

“तुझा हट्ट आणि तिची नोकरी! तुला काय महत्त्वाचं?”

“तो गोळधाणा अजून माझ्या दातात आहे. तू होतास ना तिथे? खाल्लास ना तूही?”

किरीटभाईला गिरणीतलं काम आठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्रजलालभाई स्वतः आले. माणूस वाईट नव्हता, नुसता शरमला होता. मुक्ताफईने चहा केला. त्यांनी रकाबीत ओतून फुंकर मारत घेतला आणि घसा साफ केला.

“मुक्ताबेन, मुलगी गुणी आहे. पण वाडीत नको आता. असं करू, पगार चालू ठेवतो, दर महिन्याला घरी पाठवून देईन. तिने आरामात घरी बसावं.”

“मला कशाला सांगता? कामाला ती जाते.”

बंसरी दाराशी उभी होती, पदराशी चाळा करावा तशी ओढणीचं टोक गुंडाळत. व्रजलालभाई तिच्याकडे वळले आणि आवाज गोड करून म्हणाले, “बेटा, घरी बस. पगार मिळेल.”

“नको,” बंसरी म्हणाली.

ते हसले. “अगं, नको काय? घे. घरचंच समज.”

“नको.”

“माझी शपथ आहे तुला!”

मुक्ताफईचे हात मांडीखाली दाबलेले होते. जीभही तशीच दाबून ठेवायची सोय असती तर तिने ठेवली असती.

“नको म्हटलं ना,” बंसरी म्हणाली. “दोनदा सांगितलं. हे तिसऱ्यांदा. थांबा आता.” मग चपला घालत पुढे म्हणाली, “खिचडीचे तांदूळ निवडायचे आहेत.” आणि ती निघाली. ओटा उतरली, छकड्याला जाऊ दिलं, रस्ता ओलांडला.

“अहो, थांबवा तिला!”

“तुम्हीच थांबवा. ती कुणाचं ऐकून थांबते ते आत्ताच बघितलंत.” मुक्ताफई उठली, किटली घेऊन आली. “अजून चहा?”

“नाही, नाही, बस,” व्रजलालभाई सवयीने म्हणाले आणि रकाबीवर पंजा धरला.

मुक्ताफई किटली घेऊन आत गेली.

बाहेर आली तेव्हा ते रिकाम्या रकाबीकडे बघत बसले होते, पंजा तसाच हवेत. मग त्यांनी तो हळूच खाली घेतला. टोपी घातली आणि वाडीच्या दिशेने गेले. समोरच्या ओट्यावर जशूबेन शेंगा सोलायच्या विसरली होती.

“आता तरी जा की मागे! ते तिला हाकलतील!” ती ओरडली.

“हाकलतील तर ती येईल घरी. रस्ता तिला येतो.”

एवढं म्हणून मुक्ताफई हिंचक्यावर बसली खरी, पण त्या दिवशी हिंचका एकदाही हलला नाही. तिची पावलं जमिनीला चिकटून होती.

दिवे लागले तेव्हा बंसरी आली. हाताला खिचडीचा वास. किरीटभाईही आलेला होता, अहमदाबादच्या संस्थेला फोन करायचा म्हणून मोबाइल घेऊन बसलेला.

“कुणी काही म्हणालं?” मुक्ताफईने विचारलं.

“व्रजलालकाका पंगतीत बसले. खिचडी नको म्हणाले. मी पुढे गेले.” बंसरीने ओढणी खुंटीला लावली. “मग हाक मारली. हवी आहे म्हणाले. मग वाढली.”

“आणि मग?”

“मग तूप हवं म्हणाले. तेही वाढलं. उद्या सकाळी शेंगदाण्याची चटणी करायची आहे, लवकर बोलावलंय.”

किरीटभाईने मोबाइल पालथा ठेवला. घसा खाकरून, मुलीकडे न बघता, त्याने विचारलं, “सकाळी अंधार असेल. मी येऊ सोडायला?”

“नको,” बंसरी म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली.

किरीटभाई अर्धा उठला होता, तोंडात ‘अगं पण’ तयार होतं. मुक्ताफईने त्याच्याकडे बघितलं. मग ती हिंचक्यावर थोडी सरकली आणि शेजारची जागा थोपटली.

“बस इथे,” ती म्हणाली. “आणि हात मांडीखाली घे. दोन्ही.”