ओव्याची धुरी

एकोणीसशे त्र्याहत्तर साल. मी वीस वर्षांचा, चौथी शिकलेला. कुडाळजवळच्या आमच्या घरातून मुंबईला निघालो तेव्हा ताईचं बाळंतपण आमच्याकडेच होतं. आई निखाऱ्यांवर ओवा टाकून, वर टोपली पालथी घालून बाळाची लंगोटं शेकवत होती. त्याच टोपलीवर तिने माझा शर्ट पसरला. म्हणाली, "मुंबयत करमला नाय तर सदरो हुंगून बघ."

एसटीत शर्टाचा वास येऊन पोरं हसली. "बाळंतपण उरकून इलंस काय रे?" मला इतकी लाज वाटली की गोवंडीला मावसभावाच्या खोलीवर पोचल्या पोचल्या मी तो शर्ट नळाखाली घासून काढला.

पुढे अग्निशमन दलात लागलो. दोर चढून दाखवला, छाती मोजली, शाळेचं कुणी फार विचारलं नाही. स्टेशनच्या क्वार्टरमध्येच संसार झाला, तिथेच पोरं वाढली. धूर दिसला की पायांनी पळायचं, डोक्याने मागून यायचं, ही सवय अंगात मुरली. गावाला गणपतीत येत होतो, दोन दिवस राहून पळत होतो. तुम्ही गाववाले म्हणायचात, हा नुसता हजेरी लावायला येतो. तेव्हा राग यायचा. आता तुम्हाला हे लिहितो ते त्याच्यासाठीच.

आता मी बोरिवलीला मुलाच्या फ्लॅटमध्ये असतो, अठराव्या मजल्यावर. शेजारच्या राण्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आलीय. तिच्यासाठी राण्यांची आई मालवणहून आली. नव्वदीची बाई, सगळे तिला आक्का म्हणतात.

परवा सकाळी जिन्याजवळ आलो तर राण्यांच्या दारातून धूर. बेल मारली, कुणी येईना. दार नुसतं लोटलेलं होतं. पॅसेजमधली पाण्याची नळी ओढली आणि आत शिरलो. बेडरूमचं दार बंद. बंद दाराला आधी उलटा हात लावून बघायचा, पलीकडे आग असेल तर दार तापतं, हे मी कित्येक नव्या पोरांना शिकवलंय. हात लावला. दार गार होतं. तिथेच थांबायला हवं होतं. थांबलो नाही. दार ढकललं आणि पाणी सोडलं.

शेगडी विझली. गादी भिजली, पाळणा भिजला, आणि पलंगावरची ती ओली बाळंतीण किंचाळून भिंतीला चिकटली. बाथरूममधून आक्का आली, हातात टॉवेलात गुंडाळलेलं बाळ.

"मेल्या, बाळंतिणीक भिजवलंस! आग खंय हा? धुरी ती!"

मी नळी धरून उभा. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"खंयचो रे तू?"

"कुडाळचो."

"कुडाळचो? आनि बाळंतिणीची धुरी वळाखलंस नाय?"

राख भिजल्यावर तो वास नाकात शिरला आणि मग कळलं. ओवा. आईची टोपली. एवढा वेळ तोच वास येत होता आणि मी त्याला आग समजलो.

सॉरी हा शब्द माझ्या तोंडात कधी बसला नाही, तेव्हाही निघाला नाही. नळी गुंडाळली, घरी आलो. ही म्हणाली, "अख्ख्या मुंबईच्या आगी विझवल्यात, एक शेगडी राहिली होती तीही विझवलीत." मुलगा फडकी घेऊन राण्यांकडे पुसायला गेला, ते जास्त लागलं. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीने टाकलं, फ्लॅटमध्ये निखारे पेटवायला सक्त बंदी. म्हणजे माझ्या मूर्खपणापायी त्या लेकराची धुरी गेली. गाव सोडलं म्हणतात, पण गाव नाकातून कधी गेलं ते मला कळलंच नाही, याची शरम तुम्हाला कशी सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली जाऊन सेक्रेटरीला सांगितलं, "धुरीजवळ आगीचा माणूस स्वतः उभा राहतोय. काय बोलायचं ते मला बोल." वाळूची बादली घेऊन वर आलो. गॅसवर करवंट्या पेटवल्या, निखारे घमेल्यात घेतले आणि राण्यांची बेल मारली.

आक्काने दार उघडून आधी माझ्या मागे नळी आहे का ते बघितलं. "पाणी नाय मा हाडलंस आज?"

"नाय."

खिडक्या मी उघडल्या. आक्काने चिमूटभर ओवा टाकला, बाळाला धुरावरून फिरवलं. बाळ शिंकलं. बाळंतीण तोंडावर पदर धरून हसत होती. धुरी संपेपर्यंत मी बादलीजवळ बसून राहिलो.

घरी आल्यावर हिने शर्ट धुवायला मागितला. मी दिला नाही.