आभाळाची केस

पाळण्यात लेकरू न्हाई! नुसतं दुपटं. मी तव्यावरची भाकर तशीच टाकून अनवाणी भायेर पळाले, तं शेजारीण म्हणती, "काहून बोंबलून राहिली गं? तुझ्या थोरल्या मामंजीनं नेलं की त्याला वसमतला. कोर्टात. पुरावा म्हणून."

माझ्या सासऱ्याचे हे थोरले भाऊ. आसा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा न्हाई, आन् नसलेलाच बरा. गावाजवळच्या विटभट्टीवर त्यांनी केस टाकलेली. लोकांला वाटलं, धुरानं हळद करपली, भरपाई पायजे आसंल. छे! त्यांचं म्हणणं, "काळा धूर खाली तरी पडतो पोरी. कोळशाचा न दिसणारा वायू वर जाऊन आभाळावर घोंगडीवानी बसतो. दुनिया तापती, पाऊस वाट चुकतो. भट्टीनं कोळसा कमी जाळावा, बस्स." रेडिओवर ऐकलेलं. ऐकलं की पटायचं, पटलं की वकील गाठायचा.

वकील हसला, "मामा, आभाळ कोणत्या तालुक्यात येतं?" तं हे तलाठ्याकडं गेले, माझ्या वावरावरचं आभाळ सातबाऱ्यावर चढवा म्हणून! पुतण्याच्या वरातीत, डिझेल जळतं म्हणून जीपमधी बसले न्हाईत, फेटा सावरत मागून पायी आले, तवर पंगत उठलेली. पारावर एकानं हाणलंच, "तुमची हळद काय समईवर शिजती व्हय?" खरंच की, हळदीच्या कढईखाली आमीबी लाकडं जाळतो. मामंजी पारावरून उठले. आन् सकाळीच वकिलाकडं, "मलाबी आरोपी करा." वकिलानं हातच जोडले. तवापासून गाव त्यांला 'आरोपी नंबर दोन' म्हणतंय.

तुमाला हसू येतंय. माझा नवरा त्याच भट्टीचा ट्रॅक्टर चालवायचा!

जीपला लटकून कोर्टात पोचले तं लेकरू मामंजीच्या मांडीवर, वरच्या पंख्याकडं बघून खिदळून राहिलं. न दिसणारा वायू दावता येईना, तं धुरानं खोकणारं लेकरू तरी दावू, आसा त्यांचा बेत. मामंजी त्याच्या कानात म्हणतेत, "खोक ना राजा, येरवी तं थांबत न्हाईस." समोर भट्टीवाला. जजसाहेबानं मलाच इचारलं, "बाई, लेकरू खोकतं का?" पदर दातात धरलेला. तोंडातून निघालं, "व्हय. लई."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याचं काम गेलं. भट्टी हाय तशीच. केसला तारीख, मंग आजून तारीख. लेकरू चालाया लागलं. नवऱ्यानं मामंजीशी बोलणं टाकलं.

मंग भट्टीवाल्याचा निरोप आला. बाईनं पुढच्या तारखेला म्हणावं, साधं पडसं होतं; ट्रॅक्टर परत देतो. नवरा म्हणला, "म्हण आन् मोकळी व्हय." मी मामंजीकडं गेले. ते हळदीचं बेणं निवडून राहिले होते. मान वर न करता म्हणले, "तुझं घर तुला बघायचं हाय पोरी. मी रागवणार न्हाई."

रागावले असते तं बरं झालं असतं.

तारखेच्या दिवशी लेकराला काखंत घेऊन फाट्यावर आले. भट्टीवाल्याची जीप उभी, नवरा आधीच आत बसलेला. "चला वयनी," डायवर म्हणला. तेवढ्यात यष्टी आली, आत मामंजी. गर्दीत घुसून त्यांनी माझ्यासाठी खिडकीजवळच्या जाग्यावर आपली खांद्यावरची दस्ती टाकलेली. बोलवलं न्हाई. नुसते बाजूला उभे, दांडीला धरून, म्हातारे.

बायांनो, तुमी कशात बसला असता?