पाहुणा मोफत

वसंतनाना विमानतळावरच्या लाउंजमध्ये शिरले की आधी प्लेट उचलत, बॅग मग ठेवत. जळगावच्या एका ठिबक सिंचनाच्या कंपनीत आम्ही दोघं विक्री विभागात होतो. विमान कंपन्यांच्या लेखी आम्ही कोणीच नव्हतो. खास प्रवासी म्हणून आम्हाला कधी कोणी पुढे बोलावलं नाही. त्यावर नानांचा उतारा म्हणजे लाउंजमध्ये प्रवेश देणारी कार्डं.

कुठलं वार्षिक सदस्यत्व पुष्कळ दारं उघडतं पण दर खेपेला पैसे मागतं, कुठलं कार्ड फुकट आत सोडतं पण आधीच्या तीन महिन्यांत भरपूर खर्च केला असेल तरच, हे त्यांना तोंडपाठ होतं. एका कार्डावर सोबतचा माणूसही फुकट आत जायचा. त्याची वर्गणी जास्त, म्हणून नानांना ते बावळटपणाचं वाटे. "पाहुणे कशाला पोसायचे? एकट्यानं जावं, एकट्यानं खावं," असं ते सगळ्या ऑफिसला ऐकवत.

एकदा ते चोपड्याहून आईला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी चेन्नईला नेत होते. मीही कामानिमित्त त्याच विमानात होतो. मुंबईला विमान बदलायचं होतं. लाउंजच्या दाराशी आईचे वेगळे पैसे पडतील असं कळलं. नाना तिला समोरच्या बाकावर बसवत अहिराणीत म्हणाले, "माय, तू आठेच बठ. मधमा साहेब लोकंच जातस." आणि आत गेले.

मी तिच्याजवळ बसलो. मांडीवर दशम्यांचं गाठोडं होतं. मी म्हटलं, "अक्का, खाऊन घ्या."

"मना वसंता भुक्या शे," ती म्हणाली. "तो येई, मंग मी खासू."

मुलगा जेवल्याशिवाय तिनं जन्मात घास घेतला नव्हता. चहालाही ती नको म्हणाली. नाना विमानाची घोषणा झाल्यावर तोंड पुसत आले. तिनं घाईनं गाठ सोडून दशमी पुढे केली. "पोट तुडुंब शे," म्हणत ते पुढे चालू लागले. तिनं गाठोडं तसंच बांधलं आणि भिंतीला हात लावत त्यांच्या मागे निघाली. तिला नीट दिसत नव्हतं. मला त्या माणसाची किळस आली.

पुढच्या वर्षी अक्का गेली. मी ते बावळटपणाचं कार्ड घेतलं.

मग पुन्हा एकदा मुंबईला आम्ही दोघंच होतो. नानांचं कार्ड चाललं नाही. तीन महिन्यांचा खर्च कमी पडला होता. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. दारावरची मुलगी माझं कार्ड पाहून म्हणाली, "सर, तुमच्यासोबत एक पाहुणा मोफत आहे." नाना हसले आणि त्यांनी बॅग खांद्यावर घेतली.

मी त्यांना समोरचा बाक दाखवला. म्हटलं, "नाना, तुम्ही आठेच बठा. मधमा साहेब लोकंच जातस."

त्यांचं हसू लगेच गेलं नाही, थोडा वेळ तसंच राहिलं. महिन्याभरात त्यांनी धुळ्याला बदली मागून घेतली, आणि माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. त्या दिवशी काचेतून ते मला दिसत होते, म्हणून मी त्यांच्याकडे तोंड करून बसलो आणि पोटभर जेवलो.